झाखरची तीन कडवी: कामाच्या नोंदी

शनिवार, 7 जून 2025

श्रवणगटात ऑगस्टची पाळी माझी. महिन्यातून एका रविवारी नानांच्या कोथरूडच्या घरी आम्ही बारा-चौदा जण जमतो. एकानं काहीतरी ऐकवायचं, त्यावर बोलायचं, मग पोहे. बहुतेकांचे कान खयालावर पोसलेले. मी सेलो वाजवते हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ‘ते तुझं मोठं व्हायोलिन कधी ऐकवतेस’ हे दर महिन्याला ऐकून घेते. बाखच्या सुइटमधला, म्हणजे सेलोच्या छोट्या रचनांच्या मालिकेतला, एखादा तुकडा घेतला असता तर सगळ्यांना आवडला असता आणि मीही सुटले असते. पण गेलं वर्षभर डोक्यात एकच रचना घोळते आहे, तिचा हिशेब एकदा कागदावर मांडायचाच आहे. म्हणून आज ठरवून टाकलं: फ्रेंच संगीतकार आंरी द्युतियो, ‘झाखर या नावावरची तीन कडवी’, एकट्या सेलोसाठी. नऊ-दहा मिनिटांची रचना, माझ्या हातात पंचेचाळीस मिनिटं.

गटावर निरोप टाकला. दहा मिनिटांत नानांचं उत्तर: ‘साखर या नावावरची तीन कडवी? श्रावणात? छान.’ मोबाइलनं दुरुस्ती केली की नानांनी मुद्दाम केलं, कळायला मार्ग नाही.

पार्श्वभूमी आधी लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा शोधायला नको. पाउल झाखर (रोमन लिपीत Sacher) हा स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा संगीत-संचालक, जन्म 1906. विसाव्या वर्षी त्यानं स्वतःचा चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे छोटा वाद्यवृंद, उभा केला, आणि आयुष्यभर जिवंत संगीतकारांकडून नव्या रचना लिहून घेतल्या. हंगेरीच्या बार्तोकची तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि सेलेस्टा (घंटीसारखं वाजणारं, पट्ट्यांचं छोटं वाद्य) यांसाठीची रचना त्याच्यासाठीच लिहिलेली. जानेवारी 1937 मध्ये बाझलला तिचा पहिला प्रयोग त्यानंच केला. 1976 मध्ये त्याला सत्तर वर्षं झाली, तेव्हा रशियन सेलोवादक रोस्त्रोपोविचनं बारा संगीतकारांना गाठलं आणि झाखरच्या नावातल्या अक्षरांवर एकेक सेलोची रचना मागितली. बारा जण कोण, तर बेक, बेरिओ, बुलेझ, ब्रिटन, द्युतियो, फोर्टनर, हिनास्तेरा, हाल्फ्तेर, हेन्झ, होलिगर, हुबर, लुतोस्वाव्स्की. यातली निम्मी नावं मी उच्चारताना अडखळणार आहे.

द्युतियोनं तेव्हा एकच कडवं दिलं. पुढची दोन मागाहून लिहिली, आणि तिन्ही मिळून रोस्त्रोपोविचनं बाझलमध्ये वाजवली ती 1982 साली. सावकाश लिहिणारा माणूस. सत्त्याण्णव वर्षं जगला आणि मागे ठेवलेल्या रचनांचा गठ्ठा मात्र बेताचाच.

रविवार, 15 जून

नावाचे सूर कसे होतात, हे फळ्याशिवाय सांगता आलं पाहिजे. आज भाचीवर प्रयोग केला.

जर्मन लोक सुरांना अक्षरांनीच हाक मारतात. त्यांचं ‘हा’ हे अक्षर म्हणजे आपण ज्याला बी म्हणतो तो सूर. म्हणूनच बाखला आपलं आडनाव सुरांत लिहिता आलं होतं. ‘एस’ हे अक्षर उच्चारलं की तोच त्यांच्याकडे ई फ्लॅट (फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली, शार्प म्हणजे अर्धा सूर वर). एस, ए, सी, हा, ई एवढं सरळ बसतं. शेवटचा ‘आर’ अडतो, कारण आर नावाचा सूर कुठल्याच पद्धतीत नाही. तिथे फ्रेंच-इटालियन ‘रे’ उसना घेतात, म्हणजे डी. त्यामुळे या बारा रचनांच्या संदर्भात नाव छापताना पुढे एक आणि मागे एक असे दोन बारीक ‘ई’ जोडतात. पहिला ‘एस’ पुरा करतो, शेवटचा ‘रे’.

हाती आलेले सहा सूर: ई फ्लॅट, ए, सी, बी, ई, डी.

भाची म्हणाली, “म्हणजे त्याचं आडनाव दुसरं असतं तर गाणं दुसरं झालं असतं?” हो. “मग कंपोझरनं काय केलं?” हा प्रश्न वहीत चौकट करून लिहिला आहे. बारा जणांना तेच सहा सूर मिळाले. सूर ही कुणाचीच करामत नाही, ते झाखरच्या वडिलांकडून आले. करामत शोधायची तर दुसरीकडे शोधावी लागणार.

रविवार, 22 जून

पालख्या आज पुढे निघाल्या, त्यामुळे हडपसरच्या बाजूला जायचा प्रश्नच नव्हता. दिवसभर घरात. तारा उतरवल्या.

या रचनेसाठी सेलोच्या चारपैकी दोन तारा नेहमीच्या सुरावरून खाली आणायच्या असतात. नेहमीची जुळणी वरून खाली ए, डी, जी, सी. द्युतियो जीची तार अर्धा सूर उतरवून एफ शार्पवर आणतो, आणि सीची तार पूर्ण एक सूर उतरवून बी फ्लॅटवर. वाचायला दोन ओळी. हाताला मात्र दुपार लागली.

सीची तार 65.4 हर्ट्झवर असते, बी फ्लॅट म्हणजे 58.3. ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे आकडे फारसे हलले नाहीत असं वाटलं तरी ताण सुमारे 20 टक्क्यांनी पडतो. जीच्या तारेचा 11 टक्क्यांच्या आसपास. एवढी सैल झालेली जाड तार गजाखाली सुतळीसारखी डोलते. नेहमीच्या जोरानं गज ओढला की सूर आधी वर चढतो आणि मग जागेवर घसरतो, ‘ब्वँ’ असा. गज घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, थोडा जवळ नेला, वजन कमी केलं, तेव्हा कुठे सरळ बोलायला लागली.

आणखी एक. खालच्या दोन तारांचा भार कमी झाला की घोडीवरचा आणि पोटावरचा दाब कमी होतो, आणि न हात लावलेल्या ए आणि डी आपोआप किंचित चढतात. मग त्या उतरवा, की खालच्या पुन्हा हलतात. दमट हवेत खुंट्या फुगलेल्या, हलतच नव्हत्या, आणि हलल्या की एकदम पाव फेरा. सरांचा जुना नियम आठवला: सुराच्या खाली जा आणि वर चढत सुरावर ये, वरून खाली उतरून कधीच थांबू नकोस, नाहीतर तार रात्रीत घसरते. मुंबईत रेकॉर्डिंगला बसायचे तेव्हा सर हे दिवसातून दहा वेळा करायचे, अर्थात भलत्याच घाईत.

बुधवार, 25 जून

तार अजून उतरतेच आहे. सकाळी बी फ्लॅट, रात्री बी फ्लॅटच्याही खाली. वाजवत राहणं हाच उपाय.

बोटांचा घोळ वेगळाच. सर्वांत खालच्या तारेवर जिथे बोट न ठेवता सी मिळायचा, तिथे आता दुसरी जागा दाबावी लागते. हात तीस वर्षांच्या सवयीनं जातो आणि कान म्हणतो, हे काय. वहीत प्रत्येक खालच्या सुरासाठी दोन ओळी करते आहे: वर ‘वाजतं काय’, खाली ‘बोट कुठे’.

शनिवार, 5 जुलै

नानांकडे गेले होते, गालिचा आणि खुर्च्यांचं बोलायला. सेलो नेला नव्हता. नाना पेटी काढून बसले, “ते साखरेचे सूर सांग बघू.”

डीला सा धरून सांगितले, कारण नाव डीवर संपतं: कोमल रे, प, कोमल नी, ध, शुद्ध रे, सा.

नानांनी एकदा वाजवलं. दुसऱ्यांदा सावकाश. मग पेटीचा भाता तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, “अगं, गंधार कुठाय?”

“नाही गंधार.”

“मध्यमही नाही. दोन रिषभ घेतलेस, दोन्ही उजळ माथ्यानं. आणि गंधारच नाही? मग माणसानं बसायचं कुठं?”

मी म्हटलं, नाना, हा राग नाही, त्याला आरोह-अवरोह नाही. “ते कळतंय मला. पण घर बांधलंय आणि मधली खोली नाही, एवढं तर ऐकू येतंच ना?”

घरी येताना रिक्षात हेच डोक्यात. रागात कोंबायचा मोह टाळायचा हे मी आधीपासून ठरवलं होतं. अशा भाषणांत दर दोन मिनिटांनी ‘हे म्हणजे आपल्या अमुकसारखंच’ असं म्हटलं जातं आणि समोरची वस्तू ऐकायची राहूनच जाते. पण नानांचा प्रश्न त्यातला नाही. त्यांनी तुलना केली नाही. त्यांना भोक दिसलं.

रविवार, 6 जुलै

एकादशी. साबुदाण्याची खिचडी झाली आणि जेवणाच्या टेबलावरच वही उघडली.

एका सुरापासून पुढच्या सुरापर्यंत किती अर्धस्वरांची उडी, ते मोजलं. दिशा सोडून, जवळच्या वाटेनं. ई फ्लॅट ते ए: 6. ए ते सी: 3. सी ते बी: 1. बी ते ई: 5. ई ते डी: 2.

सहा, तीन, एक, पाच, दोन. पाच उड्या, पाचही वेगळ्या. सप्तकात बारा अर्धस्वर, म्हणून जवळच्या वाटेनं जास्तीत जास्त अंतर सहाचं असतं, म्हणजे एकूण शक्य उड्या सहाच. त्यातली एकच नाही: चारची. चारची उडी म्हणजे सा ते शुद्ध गंधार.

खिचडी गार झाली.

इथे लगेच स्वतःला आवरायला हवं, कारण दोन गोष्टी एकमेकींत मिसळताहेत. नानांना खटकलं ते हे, की डीला सा मानलं तर ग या जागेवरचा सूरच या सहांत नाही. मी मोजलं ते वेगळं: सूर ओळीनं वाचले तर चारची उडी येत नाही. सहा सूर ओळ मोडून वाटेल तसे जोडले, तर चारचं अंतर सापडतं. सी आणि ई यांच्यात आहे, बी आणि ई फ्लॅट यांच्यात आहे. म्हणजे नाव नाव म्हणून उच्चारलं तरच ही उणीव राहते, अक्षरं विस्कटली की नाही. हे बोलताना नीट सांगायचं. नानांना तर नक्की सांगायचं, नाहीतर ते पुढच्या वेळी पेटी घेऊन मला खोटं पाडतील.

संध्याकाळी सेलो काढला. चारही मोकळ्या तारा खालून वर एकेक ओढल्या. बी फ्लॅट. एफ शार्प. डी. ए.

बी फ्लॅट ते एफ शार्प आठ अर्धस्वर. सप्तक उलटं करून पाहिलं की आठ म्हणजे चारच. एफ शार्प ते डी, पुन्हा आठ. पुन्हा चार.

नावात जी उडी नाही, तीच खालच्या तीन तारांमध्ये दोनदा बसली आहे. आणि डीला सा धरलं तर एफ शार्प म्हणजे नानांचा शुद्ध गंधार. जीची तार, म्हणजे मध्यमाची तार, अर्धा सूर उतरवून गंधारावर आणली आहे.

दोन्ही हिशेबांची चावी तीच एक तार. उठून दोन फेऱ्या मारल्या.

मंगळवार, 8 जुलै

ताबा सुटू नये म्हणून दुसरी बाजूही लिहून ठेवते. द्युतियोनं हे असं मोजून केलं, असं मी म्हणणार नाही. तारा उतरवायचं साधं कारण नाद हेही असू शकतं. खालची तार सैल झाली की सेलोला तळघर मिळतं, आणि एकटं वाद्य दहा मिनिटं वाजवायचं तर ते तळघर कुणाला नको?

तारा उतरवायची युक्तीही जुनीच. बाखनं पाचव्या सुइटमध्ये वरची ए एक सूर उतरवून जीवर आणली. हंगेरीच्या कोडायनं एकट्या सेलोच्या 1915 च्या सोनाटात खालच्या दोन्ही तारा अर्धा-अर्धा सूर उतरवल्या, बी आणि एफ शार्प. कोडायची जुळणी आज लावून पाहिली. बी, एफ शार्प, डी, ए: खाली सा-प तसाच शाबूत, वर गोड मायनर. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी एक पूर्ण सूरसंगती उभी राहते. आता त्यातली खालची बी आणखी अर्धाच सूर खाली आणायची. सा-प मोडतो. पायाखालची फरशी हलावी तसं. द्युतियोची जुळणी म्हणजे कोडायची जुळणी अधिक अर्धा सूर, आणि त्या अर्ध्या सुरानं सगळा स्वभाव पालटतो.

कानानं ठरवलेलं असो की हिशेबानं, निवड मात्र त्याची आहे. भाचीच्या चौकटीतल्या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळालं: सूर नावानं दिले, तारा त्यानं लावल्या.

अजून एक बारीक नोंद. नेहमीच्या जुळणीत सी, डी आणि ए या तीन मोकळ्या तारा झाखरच्या नावातल्याच असतात. द्युतियोनं त्यातली सीची तार काढून घेतली. आता दोन तारा नावाच्या आत, दोन बाहेर. सोयीचं होतं ते त्यानं मुद्दाम अर्धं केलं.

शनिवार, 12 जुलै

आज एक चूक सापडली, आणि वेळेवर सापडली म्हणून देवाचे आभार. वाटायच्या कागदावर मी लिहिलं होतं: ‘नावात नसलेले उरलेले सहा सूर हे नावातल्या सहा सुरांचं आरशातलं प्रतिबिंब आहे.’ कुठे वाचलं नव्हतं. वाटलं, सुंदर आहे, तर खरंही असेल.

ताडून बघायला घड्याळ काढलं. बारा सूर, बारा आकडे, सी बाराच्या जागी. नावातले सूर येतात 12, 2, 3, 4, 9 आणि 11 वर. उरलेले 1, 5, 6, 7, 8, 10 वर. नावातल्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून टिंबं काढली, कागद फिरवला, पालथा करून फिरवला. कुठेच बसेना. बसणारही नाही: नावाच्या टिंबांमध्ये एकदा सलग चार घरांची मोकळी जागा आहे, चार आणि नऊच्या मध्ये. दुसऱ्या सहांत सगळ्यांत मोठी मोकळी जागा तीन घरांची. वाक्यावर काट मारली.

मग चुकीला चिकटून राहायची खोड म्हणून जोड्या मोजल्या. सहा टिंबांच्या पंधरा जोड्या. नावात: एक घर अंतराच्या 3, दोनच्या 3, तीनच्या 3, चारच्या 2, पाचच्या 3, सहाची 1. उरलेल्या सहांत: 3, 3, 3, 2, 3, 1. तंतोतंत तेच! दोन वेगळी माणसं, पण खिशातली नाणी सारखी. अर्धा तास मी झाखर या आडनावाला नमस्कार करत होते.

अर्ध्या तासानं कळलं की यात झाखरचं काहीच नाही. बारांपैकी कुठलेही सहा घ्या, उरलेल्या सहांची जोड्यांची गणती तीच येते. गणितातलं पक्कं प्रमेय आहे. घराच्या दाराच्या नंबरांनी सहा सूर निवडले तरी तेच होणार. म्हणून हाही भाग बाद. कागदाची एक अख्खी बाजू रिकामी झाली, तिथे आता झाखरची जन्म-मृत्यूची सालं येतील.

हे लिहून ठेवतेय कारण बांधणी शोधायला बसलं की प्रत्येक योगायोग बांधणीसारखा दिसायला लागतो. एकादशीचा शोधही त्यातलाच नसेल कशावरून? फरक मला एवढाच दिसतो: हे प्रमेय कानाला ऐकू येत नाही. गंधाराची तार येते. नानांनी तर तिची उणीव तार ऐकायच्या आधीच ऐकली.

गुरुवार, 17 जुलै

आता मुख्य काम, तीन कडवी. प्रत्येक मात्रेचं विच्छेदन करणार नाही. माझ्याकडून ती नीट वाजतसुद्धा नाहीत. पहिल्या कडव्याची सुरुवात आणि दुसऱ्यातल्या संथ ओळी वाजवीन, बाकी रेकॉर्डिंग.

‘स्त्रोफ’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ वळण. कडवं हा मराठी शब्द त्याला मला फार जवळचा वाटतो, कारण आपल्याकडेही कडवं संपलं की कशाकडे तरी परत यायचं असतं. इथे ध्रुवपद म्हणजे ते सहा सूर. फक्त दर वेळी ते वेगळ्या कपड्यांत येतात.

पहिल्या कडव्यावर सूचना आहे ‘काहीसं अनिश्चित’. ही सूचना मला फार आवडते. नाव घोकून सांगितलं जात नाही. बोटांनी छेडलेले सूर, गजाचे सूर, मध्येच थांबणं. एखाद्या समारंभात माणूस आठवतो, नाव जिभेवर येत नाही, तसं. गटाला सांगायचं की नाव ओळखायची घाई करू नका, इथे वाजवणाराही ते शोधतोच आहे. या कडव्याच्या शेवटाकडे बार्तोकच्या त्या 1937 च्या रचनेतला तुकडा हळूच येतो. ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याला नाही त्याला वाटतं, हे क्षणभर कोण बोललं? सत्तरीच्या माणसाला त्याच्या एकतिसाव्या वर्षाच्या आधीची एक संध्याकाळ परत दिली. गटाला आधी मूळ बार्तोक ऐकवायचा की नाही? ऐकवला तर ओळखण्याचा आनंद, नाही ऐकवला तर ती अनोळखी झुळूक. ठरत नाही.

दुसरं कडवं ‘अँडान्टे सोस्तेनुतो’. सूर धरून, चालत. माझ्या मते सगळ्या रचनेचं वजन इथे आहे. द्युतियोला उलटसुलट वाचनाची हौस होती. 1976 मध्येच त्यानं पुरं केलेल्या ‘अशी ही रात्र’ या चार तंतुवाद्यांच्या रचनेतल्या एका भागाचं नावच ‘अवकाशाचा आरसा’. आपल्याकडे ‘चिमा काय कामाची’ शाळेत सगळे करतात, पण सुरांचं वाक्य उलटं वाचलं तर? झाखरचं नाव उलटं: डी, ई, बी, सी, ए, ई फ्लॅट. उड्या 2, 5, 1, 3, 6. गंमत म्हणजे सुलट वाचताना नाव सगळ्यांत मोठ्या, अवघड उडीनं सुरू होतं आणि रिषभावरून सावर टेकतं. उलट वाचलं की सापासून निघून अधांतरी लटकतं. गाऊन पाहिलं तर कुणालाही कळेल. हे गटाकडून गाऊन घ्यायचं.

तिसरं ‘विवाचे’. भिंगरी. इथे फार बोलायचंच नाही, वाजू द्यायचं. वेग एवढा की सहा सूर वेगळे ऐकू येत नाहीत, पण तोवर कानात मुरलेले असतात.

रविवार, 27 जुलै

नानांच्या दिवाणखान्यात चाचणी. त्यांच्याकडचा छोटा ब्लूटूथ स्पीकर वापरायचा होता. रेकॉर्डिंग लावलं आणि नाना म्हणाले, “ते तळघर कुठंय, ज्याचं तू इतकं कौतुक करत होतीस?”

नव्हतंच. एवढ्याशा डब्यातून 58 हर्ट्झ बाहेर पडतच नाही. त्याच्या वरची पटीतली कंपनं, 117, 175, ती येतात, आणि कान त्यांवरून खालचा सूर स्वतःच भरून काढतो. त्यामुळे सूर कुठला हे कळतं, पण पोटात काही हलत नाही. बटाटेवड्याचा फोटो. माझ्या सगळ्या मांडणीचा पायाच खालच्या दोन तारा, आणि त्याच गायब.

मोठे स्पीकर आणणं हा एक उपाय. एका सभासदाकडे जुने जाडजूड आहेत, ते आणतील. दुसरा, आणि हा पक्का केला: रेकॉर्डिंगच्या आधी मी प्रत्यक्ष चार मोकळ्या तारा वाजवणार, खालून वर, एकेक, शेवटपर्यंत विझू देऊन. त्याला इलेक्ट्रिसिटी लागत नाही.

शुक्रवार, 1 ऑगस्ट

त्या बारांपैकी बुलेझनं याच नावाची मोर्स लिपी करून ताल काढला होता, सात सेलोंच्या रचनेसाठी. भाचीला सांगितलं तर ती दिवसभर टेबलावर वाजवते आहे: टिक टिक टिक, टिक टाक, टाक टिक टाक टिक, टिक टिक टिक टिक, टिक, टिक टाक टिक. आई म्हणाली, पालीची तब्येत बिघडली का.

रविवार, 10 ऑगस्ट

झालं. अकरा जण. पाऊस.

सकाळी अकराला पोचले तेव्हा बी फ्लॅट रस्त्यात पाव सूर घसरलेली. सगळे चहा घेत असताना कोपऱ्यात चढवत बसले. एका काकूंनी विचारलं, “तानपुऱ्यासारखंच की गं हे, निम्मा वेळ लावण्यातच.”

नावाचे सूर गटाकडून गाऊन घेतले, सुलट आणि मग उलट. सुलट पाचव्या प्रयत्नात जमलं. पहिलीच उडी सगळ्यांची पडते. उलट गाताना शेवटी सगळे वर लटकले आणि हसले, कारण उतरायला जागाच नाही.

मग काही न सांगता चार तारा वाजवल्या. बी फ्लॅट विझायला बराच वेळ लागला, खिडकीच्या काचा बारीक करकरल्या. त्यावर एफ शार्प. नाना डोळे मिटून होते, ते उघडले आणि त्यांनी फक्त तर्जनी वर केली. बाकीच्यांना ते कळलं नाही. मग मोजणीचा कागद वाटला आणि सांगितलं की जी उडी नावात नाही ती इथे ठेवली आहे, आणि हे ठरवून केलं असेलच असा माझा दावा नाही. दोघांनी कागदावर मोजून पाहिलं, बाकीच्यांनी ठेवून दिला.

बार्तोक आधी ऐकवला नाही. पहिलं कडवं संपल्यावर एका काकांनी विचारलं, “शेवटाकडे वेगळाच कुणीतरी येऊन गेला का?” तेव्हा मूळ लावलं. हा क्रम बरोबर होता.

दुसऱ्या कडव्यातल्या ओळी मी वाजवल्या, दोन ठिकाणी बोट जुन्या सवयीनं जुन्या सीवर गेलं. कुणाला कळलं नसावं, मला कळलं. तिसरं रेकॉर्डिंगवरून, जाडजूड स्पीकरांवर. संपल्यावर टाळ्या यायला एक क्षण लागला. दोघांना अजिबात आवडलं नाही, त्यांनी तसं सांगितलंही: “हिशेब पटला, गाणं नाही.” हरकत नाही. एकानं पहिलं कडवं पुन्हा लावायला सांगितलं, लावलं.

पोहे खाताना नाना म्हणाले, “गंधार त्यानं घरात ठेवलाच नाही. अंगणात ठेवला.” मी म्हटलं, पायाखाली. “तेच ते.”

मंगळवार, 12 ऑगस्ट

तारा परत वर नेल्या. जी आणि सी, खालून चढवत. शनिवारी धड्याला जायचंय, तोवर स्थिर होतील असं वाटत नाही. सकाळी लावलेली सी आत्ता पुन्हा बीकडे कलली आहे.